शेवटच्या खाचेतली तान

ख्यालगायनाची लाँगप्ले ध्वनिमुद्रिका ज्यांनी घरी वारंवार लावली आहे, त्यांना एक अनुभव बहुधा परिचयाचा असेल. सुई कडेला टेकते, तानपुरे लागतात, विलंबिताचा मुखडा येतो आणि आवाज कसा निर्मळ, मोकळा वाटतो. पंधरा-सतरा मिनिटांनी द्रुत बंदिश सुरू होते, ताना वाढत जातात, आणि नेमक्या त्याच वेळी आवाजाला खरखरीत कड येऊ लागते. 'स' आणि 'श' फुत्कारल्यासारखे ऐकू येतात, हार्मोनियम गढूळ होते, जलद तानेतले स्वर एकमेकांत मिसळून जातात. बाजू संपता संपता ऐकणारा मनाशी म्हणतो, तबकडी झिजली. ती वेष्टनात परत जाते आणि पुन्हा फारशी बाहेर येत नाही.

तबकडी झिजलेली असू शकते. परंतु हाच निकाल देण्यापूर्वी ज्या भुजेच्या टोकाला सुई बसवलेली असते, तो टोनआर्म आपल्या जागी आहे की नाही, हे तपासले पाहिजे. गेल्या काही वर्षांत जुने टर्नटेबल दुरुस्त करून वापरण्याची हौस पुन्हा वाढली आहे. चोरबाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून एखादे यंत्र आणायचे, त्याचा मोडका आर्म काढून दुसरा बसवायचा, असे उद्योग करणारे अनेकजण भेटतात. त्यांतले बहुतेक मोटर, पट्टा, अँप्लिफायर यांची काळजी घेतात. आर्मची जागा मात्र नजरेच्या अंदाजाने ठरवतात. प्रस्तुत लेखकही त्यांपैकीच एक होता.

अडचणीचे मूळ तबकडी कापण्याच्या आणि ऐकण्याच्या पद्धतीतल्या फरकात आहे. मूळ तबकडी ज्या यंत्रावर कापली जाते, त्यात कापणारे टोक कडेपासून केंद्राकडे सरळ रेषेत, त्रिज्येवरून सरकते. ऐकताना मात्र सुई एका खिळीभोवती फिरणाऱ्या भुजेच्या टोकाला असते. दार बिजागरीवर फिरावे तशी ती कंसाकार मार्गाने आत जाते. सरळ रेषेत कोरलेले वळणावरून वाचायचे, तर सुईचा कोन खाचेशी सतत बदलत राहणार. साधी सरळ भुजा घेऊन तिचे टोक बरोबर मधल्या खुंट्यावर येईल अशी बसवली, तर नेहमीच्या नऊ इंची आर्मवर बाहेरच्या खाचेत हा कोन सुमारे १८ अंशांनी चुकतो आणि आतल्या खाचेत सुमारे ७ अंशांनी.

यावर उपाय दुहेरी आहे. पहिला, कार्ट्रिज बसते तो भाग भुजेला थोडा तिरका करायचा. दुसरा, भुजा किंचित लांब ठेवायची, म्हणजे सुई खुंट्याच्या पलीकडे काही मिलिमीटर जाईल. या जास्तीच्या लांबीला ओव्हरहँग म्हणतात. दोन्ही गोष्टी योग्य प्रमाणात जमल्या की चूक दोन अंशांच्या आसपास येऊन थांबते आणि तबकडीवर दोन ठिकाणी ती पूर्ण शून्य होते. या दोन जागांना शून्यबिंदू म्हणू या.

हे गणित जुने आहे. पर्सी विल्सन यांनी १९२४ साली 'द ग्रामोफोन' या ब्रिटिश मासिकात त्याची मांडणी केली. १९३८ मध्ये एरिक लोफग्रेन यांनी त्याला पक्के गणिती रूप दिले. कोनाच्या नुसत्या चुकीने विकृती किती येते हे ठरत नाही, ती चूक केंद्रापासून किती अंतरावर झाली यावर ते ठरते, हे त्यांनी दाखवले. १९४१ मध्ये बेअरवाल्ड स्वतंत्र वाटेने त्याच उत्तरापाशी पोहोचले. १९६६ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये जे. के. स्टीव्हन्सन यांनी थोडे वेगळे उत्तर सुचवले. त्याकडे पुढे येऊ.

केंद्रापासूनच्या अंतराला एवढे महत्त्व का? लाँगप्ले तबकडी मिनिटाला ३३ १/३ फेरे फिरते, ते कडेला आणि मध्यभागी सारखेच. पण कडेच्या खाचेचा घेर मोठा असतो. तिथे सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सुईखालून सरकते, शेवटच्या खाचेत जेमतेम २१ सेंटिमीटर. म्हणजे तोच स्वर, तेवढाच वेळ, पण लिहायला जागा निम्म्याहून कमी. वहीच्या शेवटच्या ओळीत अक्षरे दाटून काढावीत तशी लहर आत दाबली जाते. अशा दाट लहरीत सुईचा कोन जरा चुकला तरी विकृती कितीतरी अधिक होते. बाहेर जी चूक कानाला कळतही नाही, तीच आत बोचते.

पाश्चात्त्य पॉप संगीताच्या तबकडीवर हे फारसे जाणवत नाही. एका बाजूला पाच-सहा गाणी असतात, आणि एखादे संथ गाणे शेवटी ठेवता येते. आपल्या ख्यालाचे तसे नाही. त्याचा क्रम ठरलेला: आधी विलंबित, मग द्रुत, आणि सर्वात वेगवान, सर्वात भरघोस ताना शेवटी. किशोरीताई आमोणकरांचा भूप घ्या. 'सहेला रे' ही द्रुत बंदिश विलंबितानंतर येणार, म्हणजे सुई निम्म्याहून अधिक प्रवास करून चुकल्यावर. सतारीचा झाला घ्या, तबल्याशी होणारी सवालजवाबाची लढत घ्या. सगळा कळस आतल्या खाचांत. ज्या जागी तबकडी सर्वात दुबळी, तिथेच आपले संगीत सर्वात जास्त मागते. त्यामुळे आर्मच्या बैठकीची चिकित्सा रॉक ऐकणाऱ्यापेक्षा ख्याल ऐकणाऱ्याने अधिक करायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष काम. उदाहरणादाखल रेगा या ब्रिटिश कंपनीचा आरबी ३०० हा आर्म घेऊ. तो १९८३ साली आला, जगभर गेला आणि सेकंडहँड बाजारात अजून सापडतो. त्याला खाली एकच जाड आटेदार खांब असतो. लाकडी फळीला एक भोक पाडायचे, खांब त्यातून उतरवायचा, खालून नट आवळायचा. इतके सोपे असल्यामुळेच त्यात चूक होते, कारण एकदा भोक पडले की आर्म पुढेमागे सरकवायला वाव नाही. एसएमई कंपनीच्या आर्मना लांबट खाच आणि सरकती बैठक असते. त्यांना हा जाच नाही, पण किंमत त्या मानाने असते.

आरबी ३०० साठी मधल्या खुंट्याच्या केंद्रापासून आर्मच्या फिरण्याच्या केंद्रापर्यंतचे अंतर २२२ मिलिमीटर हवे. भुजेची परिणामकारक लांबी, म्हणजे फिरण्याच्या केंद्रापासून सुईच्या टोकापर्यंतचे सरळ अंतर, २३७ मिलिमीटर धरलेली आहे. दोहोंतला फरक १५ मिलिमीटर, हाच ओव्हरहँग. दुसऱ्या आर्मची मापे दुसरी असतात, आणि ती त्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावीत. कोणी सांगितले म्हणून घेऊ नयेत.

भोक नेमके कुठे पाडायचे, हा प्रश्न नवख्याला फार छळतो. खरे तर खुंट्याभोवती २२२ मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्या वर्तुळावरची कोणतीही जागा गणिताच्या दृष्टीने सारखीच. निवड व्यवहाराने करावी. मागच्या वजनाची शेपटी झाकणाला लागू नये, विसावलेली भुजा तबकडीवर येऊ नये, खाली मोटर किंवा तारा आड येऊ नयेत. जाड पुठ्ठ्यावर वर्तुळ काढून, पुठ्ठ्यालाच आर्म बसवून एकदा भुजा आतबाहेर फिरवून पाहिली, तर हे सारे पाच मिनिटांत कळते.

अंतर मोजताना दोन काळज्या घ्याव्यात. पहिली, खुंटा सुमारे ७ मिलिमीटर जाड असतो. त्याच्या कडेपासून मोजले तर साडेतीन मिलिमीटरची चूक तिथेच झाली. जवळच्या कडेपासून आणि लांबच्या कडेपासून अशी दोन्ही मापे घेऊन त्यांची सरासरी काढावी. दुसरी, पट्टी पोलादी असावी आणि मापाची सुरुवात तिच्या टोकापासून न करता १० च्या रेघेपासून करावी. जुन्या पट्ट्यांची टोके झिजलेली असतात. खूण केल्यावर आधी ३ मिलिमीटरचे बारीक भोक पाडावे, पुन्हा मोजावे, आणि मगच मोठ्या भोकाची गोल करवत लावावी. भोक खांबापेक्षा अर्धा-एक मिलिमीटर मोठे राहिले तर बरेच. नट आवळण्यापूर्वी तेवढी जागा सरकवायला मिळते.

शक्य असेल तर यंत्राच्या मुख्य चौकटीला हात लावू नये. आर्मसाठी वेगळी छोटी फळी करून ती स्क्रूने बसवावी, म्हणजे चुकले तर फळी बदलते, यंत्र वाचते. मी हे शहाणपण नंतर शिकलो.

माझी चूक हास्यास्पद होती. भोकाचा कागदी साचा मी एका दुकानातून छापून घेतला. छापताना कागदात बसावा म्हणून तो आपोआप जरा लहान केला गेला, सुमारे तीन टक्क्यांनी. डोळ्यांना काही कळले नाही. तीन टक्के म्हणजे २२२ च्या जागी जेमतेम २१५ मिलिमीटर. मी साचा चिकटवला, सुताराने त्यावरून सफाईने भोक पाडले, आर्म दिमाखात उभा राहिला. कार्ट्रिज पुस्तिकेतल्या मापाने बसवले आणि प्रत्यक्ष थाळीवर तपासण्याचे कष्ट घेतले नाहीत. जवळपास दोन महिने मी वडिलांच्या संग्रहातल्या तबकड्या त्या यंत्रावर लावत होतो. प्रत्येक तबकडी शेवटाकडे खरखरत होती, आणि प्रत्येक वेळी मी वडिलांच्या जुन्या चेंजरला दोष देत होतो.

एका मिलिमीटरची चूक आतल्या खाचेत जवळपास एक अंशाची होते, बाहेर त्याच्या निम्म्याहून कमी. माझी चूक जवळजवळ सात मिलिमीटरची होती. आत निदान सहा अंशांचा फरक पडत असणार. उपाय सोपा नव्हता. जुन्या भोकाशेजारी सात मिलिमीटरवर चोवीसएक मिलिमीटरचे दुसरे भोक पाडता येत नाही, दोन्ही एकमेकांत मिसळतात. शेवटी चौकटीचा तो कोपरा कापून काढला आणि तिथे सागाची नवी फळी बसवली. छापील साच्यावर १०० मिलिमीटरची एक रेघ असतेच. ती पट्टीने मोजायला मला दहा सेकंद लागले असते.

आर्म जागेवर आला की कार्ट्रिजची पाळी. इथे दोन शून्यबिंदू छापलेला कोनमापक लागतो. खुंट्यात तो अडकवायचा, थाळी हाताने स्थिर धरायची, सुई पहिल्या बिंदूवर अलगद टेकवायची आणि वरून पाहायचे. कार्ट्रिजच्या कडा कागदावरच्या समांतर रेघांशी जुळल्या पाहिजेत. मग दुसरा बिंदू. दोन्हीकडे जुळेपर्यंत कार्ट्रिज हेडशेलच्या खाचांत पुढेमागे सरकवत आणि किंचित वळवत राहायचे. पहिल्या वेळी या कामाला एक संध्याकाळ जाते. घाई केली की सुई मोडते, म्हणून सरकवताना सुईवर टोपण ठेवावे. जमेल तिथे कार्ट्रिजच्या पेटीऐवजी सुईची बारीक दांडी पाहून जुळवावे, कारण स्वस्त कार्ट्रिजमध्ये दांडी पेटीशी अगदी सरळ असतेच असे नाही. सुईचे टोक साधे गोल असेल तर ते थोड्या चुका पोटात घालते. लंबवर्तुळाकार किंवा त्याहून बारीक घडवलेले टोक मुळीच घालत नाही.

शून्यबिंदू कुठे ठेवावेत, याविषयी मतभेद आहेत. लोफग्रेन-बेअरवाल्ड पद्धतीत ते केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात, आणि विकृती सबंध बाजूभर बऱ्यापैकी समतोल वाटली जाते. स्टीव्हन्सन यांनी आतला बिंदू थेट ६०.३ मिलिमीटरवर, म्हणजे प्रमाणित मापाने शेवटच्या खाचेवरच ठेवला आणि बाहेरचा ११७.४ वर. मधल्या भागात थोडे अधिक सोसावे लागते, पण बाजूचा शेवट स्वच्छ राहतो. आपल्या आर्मला यातले काय लागू होते, हे शाळेतल्या भूमितीने काढता येते. बसवणीच्या अंतराचा वर्ग करा, त्यात दोन शून्यबिंदूंचा गुणाकार मिळवा आणि वर्गमूळ काढा. भुजेची लांबी मिळते. २२२ साठी लोफग्रेनचे उत्तर २३९.३ येते, म्हणजे ओव्हरहँग १७.३. स्टीव्हन्सनचे उत्तर २३७.४, म्हणजे १५.४. रेगाचा १५ हा आकडा कोणाच्या बाजूचा आहे, हे यावरून दिसतेच.

बहुतेक जाणकार लोफग्रेनची शिफारस करतात, आणि मिश्र संग्रहासाठी ती योग्य आहे. परंतु ज्यांच्या कपाटात प्रामुख्याने बाजूभर चालणारे राग आहेत, बाजू वीस मिनिटांच्या पुढे जाते आणि खाचा पार लेबलाजवळ पोहोचतात, त्यांनी स्टीव्हन्सन वापरून पाहावा. माझ्या घरी तोच आहे.

कोन जुळला तरी काम संपत नाही, कारण उरते ते वजन. मागचे वजन फिरवून आधी भुजा हवेत तरंगती, आडवी, समतोल करायची. मग कार्ट्रिजच्या निर्मात्याने सांगितलेला भार द्यायचा. हा भार छोट्या डिजिटल काट्यावर तपासावा. आर्मवरचे आकडे अंदाजाचेच समजावेत. ऑर्टोफोनच्या टू-एम रेडला १.८ ग्रॅम लागतो, डेनॉनच्या डीएल-१०३ ला अडीच. इथे एक लोकप्रिय गैरसमज आहे, की भार जितका हलका तितकी तबकडी सुरक्षित. वस्तुस्थिती बरोबर उलट असू शकते. भार अपुरा असेल तर जोरकस तानेवर सुई खाचेच्या भिंती धरू शकत नाही. ती उसळते, आदळते आणि हिऱ्याचे टोक मऊ विनाइलला ओरखडते. सांगितलेल्या मर्यादेत थोडा जास्त भार त्यापेक्षा कितीतरी निर्धोक.

भुजेच्या तिरकेपणामुळे आणखी एक ओढ निर्माण होते. खाचेचे घर्षण सुईला ज्या दिशेने खेचते ती रेषा भुजेच्या फिरण्याच्या केंद्रातून जात नाही, म्हणून भुजा सतत केंद्राकडे ओढली जाते आणि खाचेच्या आतल्या भिंतीवर दाब वाढतो. तो कमी करायला अँटिस्केटिंगची सोय असते. सुरुवातीला तिचा आकडा भाराच्या आकड्याइतका ठेवावा. मोठ्या आवाजाच्या जागी उजव्या बाजूचा आवाज आधी फाटत असेल तर जरासा वाढवावा, डाव्या बाजूचा फाटत असेल तर कमी करावा.

उंचीबद्दल हौशी मंडळी फार हळवी असतात. सुई टेकलेली असताना भुजा तबकडीला समांतर दिसावी, इतके सुरुवातीला पुरे. नऊ इंची भुजेच्या मागच्या टोकाची उंची चार मिलिमीटर बदलली तेव्हा कुठे सुईचा उभा कोन एका अंशाने बदलतो. आरबी ३०० ला उंची बदलण्याची सोयही नाही, खाली चकत्या घालाव्या लागतात. पाव मिलिमीटरच्या उंचीवर रात्री जागवणाऱ्यांनी आधी ओव्हरहँग मोजावा. सुई समोरून पाहता सरळ उभी आहे का, हे थाळीवर छोटा आरसा ठेवून प्रतिबिंबावरून कळते. यंत्राखाली पाणसळ ठेवावी, हे वेगळे सांगायला नको. कार्ट्रिजच्या चार तारांचे रंग सर्वत्र ठरलेले आहेत: लाल आणि हिरवी उजव्या बाजूची, पांढरी आणि निळी डाव्या बाजूची.

७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना मात्र यातले काहीच तसेच्या तसे लावू नये. त्यांच्या खाचा रुंद असतात आणि सुईचे टोक साधारण ७० मायक्रॉनचे लागते. लाँगप्लेची बारीक सुई त्यांच्या तळाशी लोळत राहते.

आर्म नव्या फळीवर बसवल्यावर मी त्या दोन महिन्यांतल्या सगळ्या तबकड्या पुन्हा लावल्या. पहिल्या दिवशी विश्वास बसेना. द्रुतातला तबला मोकळा झाला होता, तानेतला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येत होता. वडिलांच्या चेंजरने त्यांचे काही बिघडवले नव्हते. फक्त भूपाची खरखर गेली नाही. त्या दोन महिन्यांत ती मी सर्वात जास्त वेळा लावली होती, आणि जपायची म्हणून १.८ ऐवजी १ ग्रॅमच भार देऊन. पुढे जुन्या बाजारात त्याच ध्वनिमुद्रिकेची दुसरी प्रत मिळाली, वेष्टन फाटलेली, लेबलावर कोणाची तरी सही असलेली. तिच्यावर 'सहेला रे' अखेरपर्यंत स्वच्छ वाजते. वडिलांची प्रत कपाटात तिच्या शेजारीच आहे. तिची विलंबिताची बाजू अजून चांगली आहे, तेवढी मी लावतो आणि द्रुत सुरू होण्याआधी सुई उचलतो.